सेसचे चार पैसे

माझी भाची एडिंबरोला असते. रविवारी आमची दुपारची जेवणं उरकली, मी पानसुपारी घेऊन ओटीवर बसले की तिचा फोन येतो. तिची तेव्हा सकाळ असते. हल्ली फोनवर चेहराच दिसत असल्यामुळे मी फोन फिरवून तिला अंगण दाखवते, वाडी दाखवते, भरती असली तर लांबवर उंदेरी-खांदेरीही दाखवते. तिला थळची आठवण आली की ती खांदेरीचा दिवा विचारते.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या वाडीकडे वळणाऱ्या रस्त्यावर खडी येऊन पडली होती. तीही मी दाखवली. ती म्हणाली, "मावशी, हा रस्ता कोण करतंय?"

"सरकार," मी म्हटलं.

"कुठलं सरकार?"

आता बघा, मी ३५ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर एकाखाली एक तीन चौकोन काढून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं लिहिलेलं किती वर्षांच्या मुलांनी माझ्याकडून उतरवून घेतलं असेल! आणि मला माझ्या घराकडे येणारा रस्ता कुणाचा ते सांगता आलं नाही. "चौकशी करून सांगते," म्हणून वेळ मारून नेली.

तिला हा प्रश्न पडला याचं कारण तिचं तिनेच सांगितलं. स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची पार्लमेंट आहे. शाळा, दवाखाने, रस्ते यांचं तिथे ठरतं. पैसा मात्र बराचसा लंडनहून येतो, आणि किती यायचा ते बार्नेट नावाच्या एका मंत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रावर ठरतं. पुढे लोक म्हणू लागले की नुसता खर्च काय करता, कर बसवायची जबाबदारीही घ्या. म्हणून २०१७ पासून पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे स्कॉटलंड स्वतः ठरवतं. भाचीच्या पगाराच्या कागदावर तिच्या कराच्या आकड्याआधी एक 'एस' अक्षर असतं. ते अक्षर म्हणजे तिचा कर एडिंबरोच्या दराने कापला जातो याची खूण. "म्हणजे मला कळतं ना, की भांडायचं कुणाशी," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि ते 'एस' अक्षर काही डोक्यातून जाईना. आपल्याकडे असं कुठे दिसतं? मग आठवलं, आपल्याकडेही दिसायचं. आप्पांच्या ट्रंकेत साऱ्याच्या जुन्या पावत्या आहेत. (आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी कागदाचा कपटा कधी टाकला नाही आणि मीही टाकू शकले नाही, त्यामुळे ती ट्रंक माहेरून माझ्याकडे आली.) त्या पावत्यांवर सारा वेगळा आणि सेस वेगळा लिहिलेला असे. सेस म्हणजे उपकर. सारा गेला सरकारात. सेस आला आपल्या शाळेत, रस्त्यात, विहिरीत. तेच आपलं 'एस' अक्षर! निदान तसं असावं अशी कल्पना होती.

या सेसची गोष्ट फार जुनी आहे. आंग्र्यांचं कुलाब्याचं संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. त्या आण्यातले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना, एक हिस्सा शाळांना. १८६९ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि त्याच वर्षी कुलाबा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. पैसा गावचा, पण तो कुठे खर्चायचा ते कलेक्टरसाहेबांच्या कमिटीने ठरवायचं. मग १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा तो प्रसिद्ध ठराव आला की स्थानिक कारभार लोकांनी करावा, चुकत चुकत शिकावा. त्यावरून १८८४ चा कायदा आणि तालुका व जिल्हा लोकल बोर्डं. आमच्या लहानपणीसुद्धा म्हातारी माणसं शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणत. बोर्ड म्हणजे फळा, म्हणून ती बोर्डाची शाळा, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती!

यात एक गोम होती. सेस जमिनीवर, आणि मताचा अधिकार मालमत्ता असलेल्यांना. आमच्या थळच्या कोळीवाड्यात जमीन कुणाकडे? घरापुरती. त्यांची शेती समुद्रात, आणि समुद्राचा सातबारा निघत नाही. त्यामुळे बोर्डाच्या हिशेबात दर्यावरचा माणूस जवळजवळ नव्हताच. पुढे सर्वांना मत मिळालं तरी पैशाचा ओघ जमिनीवरूनच येत राहिला.

बोर्डाच्याही आधी आपल्या भागात एक पद्धत होती, ती इथे सांगण्याजोगी आहे. खाडीकाठी खारं पाणी अडवून शेतं केली, त्यांना शिलोत्री जमीन म्हणत. ज्याने बाहेरचा बांध घातला तो शिलोत्रदार. कसणाऱ्याने बिघ्यामागे ठरलेलं भात त्याला द्यायचं, त्याचं नाव शिलोत्री मण. आणि त्याने बांध नीट ठेवायचा. भात कशासाठी दिलं ते देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. बांध फुटला की कुणाच्या दारात जायचं तेही ठाऊक. शिलोत्रदार सगळेच काही देवमाणसं नसणार. पण हिशेब डोळ्यांपुढे होता. १९४८ नंतर खारभूमीचा कायदा आणि बोर्ड आलं, सरकारचा पैसा आला, आणि बांध ही सरकारी गोष्ट झाली. चांगलंही झालं, कारण मोठी खांडं बुजवणं गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. पण 'सरकार करील' हे वाक्य आपल्याकडे त्या सुमाराला घट्ट झालं असं मला वाटतं.

असो. आप्पांकडे येते.

आप्पा व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डाकडे दिल्या होत्या. १९३८ मध्ये तो अधिकार बराचसा परत घेतला आणि १९४७ मध्ये नवा कायदा आला. आप्पा म्हणत, "आमची मालकी बदलते, पगार बदलत नाही." १९६२ च्या १ मे ला ते एका दिवसात जिल्हा परिषदेचे नोकर झाले. मी तेव्हा बारा वर्षांची. शाळेला सुट्टी होती, पण आप्पा कोट घालून शाळेत गेले होते एवढं आठवतं. उन्हाळ्यात कोट! संध्याकाळी आल्यावर आईला म्हणाले, "आता जिल्ह्याचं राज्य."

ते राज्य कसं आलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात महाराष्ट्राने स्वतःचं डोकं चालवलं होतं. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशभर तीन पायऱ्यांची पंचायत राज्य पद्धत सुचवली. राजस्थानने १९५९ च्या २ ऑक्टोबरला नागौरला सुरुवात केली. आपलं राज्य १ मे १९६० ला झालं आणि दोन महिने व्हायच्या आत, २७ जूनला, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक तेव्हा महसूलमंत्री होते, मुख्यमंत्री पुढे १९६३ मध्ये झाले. १५ मार्च १९६१ ला अहवाल आला. त्याच वर्षी कायदा आणि पुढच्या १ मे ला अंमल. साऱ्या राज्याची पद्धत उभारायचं काम दोन वर्षांच्या आत! आज एवढ्या वेळात समितीच्या अहवालाला मुदतवाढसुद्धा मिळून होत नाही.

मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे आपल्या पंचायत समितीवर होता. नाईक समितीने म्हटलं, नाही, बळ जिल्ह्याला द्या. इंजिनियर, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ, मोठी योजना पेलण्याइतका पैसा हे गटाच्या पातळीवर कुठून आणणार? दुसरी गोष्ट अशी की कलेक्टरला बाहेर ठेवलं. शंभर वर्षं जो जिल्ह्याचा धनी होता त्याला विकासाच्या कारभारातून काढून, जिल्हा परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. तोही आयएएस, पण निवडून आलेल्या अध्यक्षाच्या आणि सभेच्या ठरावाशी बांधलेला. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात धाडसाची वाटते: आमदार-खासदारांना परिषदेत जागा दिली नाही. त्यांनी मुंबई-दिल्लीत कायदे करावेत; गावची विहीर कुठे खणायची ते गावच्या माणसाने निवडून दिलेला सभासद ठरवील. २५ जिल्हा परिषदा आणि २९५ पंचायत समित्या उभ्या राहिल्या. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, गुरांचे दवाखाने, गावरस्ते, लहान पाटबंधारे, पिण्याचं पाणी हे सगळं त्यांच्याकडे आलं. पुढे राज्याला मुख्यमंत्री आणि मंत्री देणारी कितीतरी माणसं याच परिषदांत कारभार शिकून वर गेली.

मग अडलं कुठे? पैशात. आणि पैसा कमी होता असं नाही, पैसा बांधलेला होता.

हे समजायला मला निम्मी नोकरी करावी लागली. जिल्हा परिषदेकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट राज्य सरकारकडून. त्यातली प्रत्येक रक्कम आपलं लेखाशीर्ष, म्हणजे 'हेड', कपाळावर लिहून येते. पगाराचा पैसा पगारालाच, भिंतीचा भिंतीलाच, डांबराचा डांबरालाच. दुसरी वाट सेसची. साऱ्याच्या रुपयामागे २० पैसे हा मूळ कायद्यातला जिल्हा परिषदेचा उपकर, आणि तो वाढवायचीही सोय होती. त्यात इतर किरकोळ उत्पन्न मिळून जो होतो तो 'सेस फंड'. हा तेवढा परिषदेचा स्वतःचा, ती आपल्या मनाने खर्चू शकते असा. आता सारा किती? जमिनीची किंमत गगनाला गेली तरी सारा जवळजवळ जुन्याच आकारावर बसलेला. त्याच्यावरचा उपकर किती येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं!

माझ्या एका शाळेची गोष्ट सांगते. कुठली शाळा, कुठला तालुका ते सांगत नाही. त्यातली माणसं भली होती आणि दोष कुणा एकाचा नव्हता. दोन खोल्यांची कौलारू शाळा. मृगाचा पाऊस सुरू झाला की दुसरीच्या मुलांना मी पहिलीच्या खोलीत घ्यायची, कारण दुसरीच्या खोलीत चार ठिकाणी गळायचं आणि वासे कुजले होते. तीन वर्षं मागणी केली. चौथ्या वर्षी निरोप आला की तुमच्या शाळेला पैसे मंजूर झाले. केवढा आनंद! आला तो कंत्राटदार चिरे घेऊन. त्या वर्षीचा हेड संरक्षक भिंतीचा होता. मी म्हटलं, "अहो, भिंत कशाला? आत राखायला काही उरलं तर भिंत!" इंजिनियर बिचारे समजूतदार. म्हणाले, "बाई, मला कळतं. पण हा पैसा छपराला लावला तर ऑडिटमध्ये माझ्यावर येईल. आणि भिंत नको म्हणालात तर पैसा परत जाईल, छप्पर तरीही होणार नाही." तीन बाजूंनी सुरेख चिऱ्याची भिंत झाली. आत मुलं ओली.

छप्पर शेवटी झालं ते असं. आमच्या मतदारसंघाचे परिषदेचे सभासद शाळेत आले होते. त्यांनी पावसातच येऊन बघावं असा मी बेत केला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांच्या टोपीवर पाणी ठिबकलं. म्हणाले, "बाई, सेसमधून थोडे काढता येतील. पुरे पडायचे नाहीत." खरंच पुरे पडले नाहीत. मग गावकीने नारळीपौर्णिमेच्या बैठकीत बाकीचं उचललं. वासे आले, कौलं आली, मंगळूरी. त्या थोड्याशा सेसच्या रकमेने जे काम झालं ते तिच्या कितीतरी पट मोठ्या भिंतीच्या पैशाने झालं नव्हतं, आणि कारण एकच, त्या रकमेच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातला मोठा भाग आम्हा शिक्षकांच्या पगाराचा असतो. तोही बांधलेलाच पैसा. परिषदेला वाटलं की या वर्षी पगाराऐवजी गळकी छपरं दुरुस्त करू, तर मी सगळ्यात आधी मोर्चात उतरले असते. उतरलेही आहे, दुसऱ्या कारणाने. तेव्हा बांधलेला पैसा सगळाच वाईट असं मी म्हणणार नाही. मोकळा पैसा दिला तर खाल्ला जातो, म्हणून बांधावा लागतो, असं मुंबईतले लोक म्हणतात. तेही पुरतं खोटं नाही. पण बांधलेला पैसा खाल्ला जात नाही असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी कधी एखाद्या गावात येऊन राहावं.

१९६१ मध्ये ज्या आमदार-खासदारांना दारातून बाहेर ठेवलं होतं ते पुढे खिडकीतून आत आले. १९८४-८५ पासून महाराष्ट्रात आमदारांना स्थानिक विकासाचा निधी मिळायला लागला आणि २३ डिसेंबर १९९३ ला खासदार निधीची योजना जाहीर झाली. एसटीची शेड, समाजमंदिर, स्मशानातला चौथरा, काहीही बघा, त्याच्यावर एक संगमरवरी पाटी असतेच. लोकांना वाटतं त्यांनी दिलं. जिल्हा परिषदेने बांधलेल्या विहिरीवर कुणाचं नाव नसतं, म्हणून ती कुणाची नसते.

जिल्ह्याचं नियोजनही तसंच झालं. सत्तरच्या दशकात जिल्हा नियोजन सुरू झालं, त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. पण नियोजनाचं टेबल जिल्हा परिषदेत मांडलं नाही, शेजारी कलेक्टर कचेरीत मांडलं. १९९८ मध्ये जिल्हा नियोजन समितीचा कायदा झाला. तिच्यात पाचातले चार सभासद स्थानिक संस्थांनी आपल्यातून निवडून दिलेले, हे छानच. पण अध्यक्ष कोण? पालकमंत्री. सचिव कोण? कलेक्टर. लोक अजून तिला जुन्या नावाने 'डीपीडीसी' म्हणतात. नाईक समितीने ज्याला बाहेर ठेवलं तोच कलेक्टर पुन्हा जिल्ह्याच्या तिजोरीपाशी येऊन बसला, आणि त्याच्या शेजारी मंत्री. हे कुणी कट करून केलं असं नाही. थोडं थोडं करत, दर वेळी काहीतरी सोयीचं कारण काढून झालं.

निवडणुकांचंही तेच. १९७९ नंतर जिल्हा परिषदेची पुढची निवडणूक झाली ती १९९२ साली! तेरा वर्षं. माझी थोरली मुलगी जन्माला येऊन सातवीत गेली तेवढ्यात. म्हणून मग ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायचीच असं घटनेत लिहिलं गेलं. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले. त्यात पाचवा विषय मासेमारी! दर्यावरच्या माणसाची घटनेने नोंद घेतली म्हणायची. समुद्रातल्या मासेमारीचा कारभार मात्र राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडेच राहिला, आणि बंदरांचं १९९६ पासून मेरीटाइम बोर्डाकडे. डोलीला मासा लागला नाही की कोळीण बर्फ आणि डिझेलचं गाऱ्हाणं घेऊन ग्रामपंचायतीत जात नाही. तिला माहीत आहे ते तिथलं काम नव्हे.

बायकांचं मात्र खरंच बदललं. महाराष्ट्राने घटनादुरुस्तीच्या आधीच, १९९० मध्ये, स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. पुढे त्या ३३ झाल्या, २०११ मध्ये ५०. माझ्या जाऊबाई त्या पहिल्या लाटेत माहेरच्या ओळखीवर उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, ग्रामपंचायतीत. चौथी शिकलेल्या. पहिली दोन वर्षं दीर सोबत जायचे. तिसऱ्या वर्षी त्या दिरांना म्हणाल्या, "तुम्ही गुरं बघा." त्यांच्याकडून मी जेवढं अंदाजपत्रक शिकले तेवढं पुस्तकातून शिकले नाही. हिशेब वाचून दाखवला की त्या एकच विचारायच्या, "यातले आपल्या मर्जीचे किती?" ग्रामसेवक आकडा सांगायचे. त्या म्हणायच्या, "मग तेवढ्यावरच चहा द्या, बाकीच्यावर सही करते." (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, २०२४ पासून. नाव मोठं झालं, कपाट तेच.)

केरळने १९९६ मध्ये वेगळं करून पाहिलं. राज्याच्या योजनेच्या पैशातला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचा, आणि त्यातला बराचसा मोकळा. ग्रामसभेने बसून ठरवायचं. तिथेही चुका झाल्या, सारख्या कोंबड्या-शेळ्या वाटण्याच्या योजना झाल्या असं लोक बोलले. पण ग्रामसभेला माणसं यायला लागली, कारण तिथे ठरवायला काहीतरी होतं. आपल्याकडे ग्रामसभेला कोरम होत नाही म्हणून आपण माणसांना नावं ठेवतो. ठरवायला काय ठेवलंय ते कुणी बघत नाही.

दिल्लीहून मात्र एक दार उघडलं. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षं आपलं अनुदान ग्रामपंचायतींना दिलं, जिल्हा परिषदेला वगळून. पंधराव्याने तिन्ही पायऱ्यांना दिलं. पण २०२१ पासून त्यातले ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेला. ४० टक्के अबंधित. बंधित-अबंधित हे शब्द आता गावातल्या पोराटोरांना पाठ आहेत. आणि एक अट: संस्था निवडून आलेली असली पाहिजे. इथे आपण पुन्हा फसलो. मार्च २०२२ मध्ये आपल्या रायगडसकट बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, आणि प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्यायला सांगितलं तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. त्या काळात अध्यक्षही तोच, सभाही तोच, ठराव करणाराही तोच. आप्पांचं 'जिल्ह्याचं राज्य' एका खुर्चीवर मावलं. घटनेत लिहून ठेवूनसुद्धा!

आणि या सगळ्यात आमच्या किनाऱ्यावर एक गंमत चालू आहे. ऐंशीच्या दशकात थळ-वायशेतला खताचा कारखाना आला तेव्हा पहिल्यांदा इथल्या जमिनीला भाव आला. नंतर मुंबईकरांचे बंगले आले. आवास, किहीम, थळ, जिथे बघाल तिथे उंच भिंती. या जमिनींचा सारा अजून चिल्लरीत आहे, त्यामुळे सेसही चिल्लर. पण जमीन विकली की मुद्रांक शुल्कावर जे जादा एक टक्का लागतं ते जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीने निम्मं निम्मं वाटून घ्यायचं असतं. म्हणजे जमीन जोवर आपली असते तोवर गावाला तिच्यापासून फारसं मिळत नाही. विकली की मिळतं! जाऊबाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गाव विकून गावाचा रस्ता." तो पैसाही आधी सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून वाटून येतो. केव्हा, ते तिजोरीच्या सोयीने.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. मी खरोखर चौकशी केली. काठी टेकत दोन कचेऱ्या फिरले. सगळ्यांनी चहा दिला, आणि एका ठिकाणी तर माझा विद्यार्थीच खुर्चीवर निघाला. आमच्या वाडीकडे वळणारा रस्ता पहिल्या वळणापर्यंत जिल्हा परिषदेच्या वहीत 'ग्रामीण मार्ग' म्हणून आहे. वळणापासून आमच्या बावीपर्यंत तो ग्रामपंचायतीचा. खडीचा पैसा डीपीडीसीचा. आणि रस्ता झाल्यावर जी पाटी लागली तिच्यावर यांपैकी कुणाचंच नाव नाही.

पुढच्या रविवारी मी हे सगळं तिला सांगितलं. तिने कागद-पेन्सिल घेतली होती, मध्येच थांबवून विचारत होती. शेवटी म्हणाली, "मग मावशी, खड्डा पडला तर जायचं कुणाकडे?"

मी म्हटलं, "खड्डा वळणाच्या अलीकडे आहे का पलीकडे, ते आधी बघावं लागेल."

ती हसली. मग म्हणाली, जरा खांदेरीकडे फोन फिरव. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि कोळीवाड्यातली दोन पोरं आमच्या नव्या रस्त्यावरून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या भागातून, सायकलवर डबल सीट चालली होती.